साहेब आल्यावर खाली येनारा वर्ग

“साहेब गेले. आता न्या हिला घरी,” हेडसर म्हनाले.

माज्याकडं बघून न्हाई म्हनाले. रुमालानं मान पुसत, गेटाकडं बघत म्हनाले. साहेबांच्या गाडीची धूळ अजून खाली बसली नव्हती. वर्गात माजी अल्फिया पुढच्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेली. केसात गजरा, गालाला पावडर, दप्तर मांडीवर. तिच्या भवतीची पोरं बाकं उचलाय लागली व्हती. बाकं परत वर न्यायची व्हती ना! पाचवीचा वर्ग भरतो वरच्या मजल्यावर. साहेब येनार म्हनलं की तेवढ्यापुरता खाली आनत्यात, पहिलीच्या खोलीत. पहिलीची बारकी पोरं तवर लिंबाखाली बसत्यात.

एक पोरगं बाक उचलता उचलता म्हनलं, “सर, हिला बी वर न्यायची का?”

सगळी हसली. सर बी हसले. अल्फियाला वाटलं काय तरी गंमत झाली, ती बी हसली.

मी काय म्हनलं? मी म्हनलं, “बरं सर. जाते घेऊन.”

जीभ झडली न्हाई माजी.

मी कुंडलची. घरी ब्लाऊज शिवते. मालक शिरवळला कंपनीत कामाला, सुट्टी मिळंल तसं येत्यात. अल्फिया माजी एकुलती एक. जन्मताना अडली, मेंदूला हवा कमी पडली. पाय ताठ, डावा हात आखडलेला, बोलनं सावकाश. एक शब्द बोलायला तिला सगळं अंग कामाला लावाय लागतं. पन डोस्कं असलं तल्लख, की मी कापड बेतताना चुकले तर खुर्चीतनं वरडती, “अम्मी, बाही उलटी!”

चौथीपातूर ती रोज शाळंत गेली. चौथी खाली व्हती. मी सकाळी खुर्ची ढकलत सोडायची, दुपारी आनायची. पोरी तिच्यासंगं डबा खायच्या. भांडायच्या बी. एकदा तर हिनं एकीचा हात चावला, मला माफी मागाय लागली. आता वाटतं, किती चांगले दिस व्हते ते, भांडनाचे.

पाचवीला सरांनी बोलवून घेतलं. म्हनाले, “पाचवी वर भरते. रोज कोण उचलणार? पडली-बिडली तर जबाबदारी कुणाची? तुम्ही काळजी करू नका, हजेरीत नाव राहील, पास होईल. शिकवायला बाई घरी येतील अधूनमधून.” मग चष्मा काडून म्हनाले, “तुमच्यात मुलींना शिकवतात तरी कुठं एवढं? तरी मी हिचं नाव ठेवलंय बघा.”

माजी सासू सातवी शिकलेली. मी बारावी. नणंद नर्स हाय. पन मी वाकून म्हनलं, “लय उपकार झाले, सर.”

आन खरं सांगू? मला बी बरं वाटलं. आत कुटं तरी सुटल्यासारखं झालं. आता दगडाधोंड्यातनं खुर्ची ढकलायची न्हाई. पावसात प्लास्टिक धरून पळायचं न्हाई. सलग बसून ब्लाऊज हुतील. पोरगी खिडकीत बसून शाळंत जानाऱ्या पोरींना हाका मारायची, सुरवातीला त्या हात करायच्या, मग त्या बी घाईत जायला लागल्या. मी मशीनचं पायडल जोरात हानायची. हाका ऐकायला येऊ नयेत म्हून. हे कुनाला सांगितलं न्हाई मी. आईनं आसं वागायचं आसतं व्हय?

घरी येनाऱ्या बाई दोन-चारदा आल्या. लय गावं हुती त्यांच्याकडं, त्यांचा बी काय दोष न्हाई. चित्रं रंगवायला दिली आन गेल्या. पाचवीच्या पोरीला फुगा रंगवायला!

मग साहेब यायचे दिस सुरू झाले. वरनं हुकूम आला व्हता म्हने, सगळ्या पोरांना एका शाळंत, एका वर्गात शिकवायचं, कुनाला वगळायचं न्हाई. ते बघायला शिक्षण खात्याचे साहेब येनार. आदल्या दिवशी शिपाई घरी यायचा, “उद्या पोरीला नटवून आना.” शाळंत रॅम्प बी बांधला. गुळगुळीत, दोन्हीकडं पिवळा पट्टा. रॅम्प थेट हेडसरांच्या खोलीत जातो. बाकीच्या दिवशी त्याच्यावर मास्तरांच्या गाड्या लावत्यात.

सर म्हनाले, “साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ते शिकवून ठेवा.”

मी शिकवलं. काज करत करत शिकवलं. “म्हन, मी रोज शाळेत येते.” तिला ‘रोज’ म्हनताना तोंड वाकडं व्हायचं, लाळ यायची. मी पदरानं पुसायची आन परत म्हनाय लावायची. ती म्हनली, “पन अम्मी, मी तर...” मी तिला गप केलं. “साहेबासमोर पन-बिन म्हनायचं न्हाई.” या अल्ला! जिला एक शब्द काडायला इतकं कष्ट पडत्यात, तिच्या तोंडात मी खोटा शब्द घातला.

साहेबांनी त्या दिवशी तिच्या गालाला हात लावला, ती शिकवलेलं बोलली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आन धूळ बसायच्या आत, “न्या हिला घरी.”

वाटंत अल्फियानं मान वर करून इचारलं, “अम्मी, पुढचा साहेब कवा येनार?”

माजा हात खुर्चीवरनं सुटला. उतार व्हता. खुर्ची जरा पुढं गेली, पळत जाऊन धरली. म्हनलं, “येईल की लवकर.”

आला बी. पन ह्या बारीला आमालाच सांगलीला बोलवलं. दिल्लीच्या एक मॅडम येनार व्हत्या. असल्या पोरांच्या शिक्षणासाठी देशाचं नवं धोरन करायचं चाललंय, आईबापांचं म्हननं ऐकायचंय म्हनाले. सरांनी स्वतःच्या गाडीतनं न्हेलं आमाला. खुर्ची डिकीत. वाटंत मला सांगत व्हते, “चांगलं बोला. शाळेचं नाव होईल, तालुक्याचं नाव होईल.” मी मान हालवत व्हते. नव्या साडीची घडी पायाशी सारखी करत व्हते. मला मोठेपना वाटत व्हता, हे बी लपवत न्हाई.

हॉल मोठा, पायऱ्या चढून; खुर्ची डिकीतच ठेवून मी अल्फियाला उचलून आत बसवलं. आईबाप, मास्तर, सांगलीतल्या संस्थेची मानसं. मॅडम साध्या व्हत्या, सुती कुर्ता, केस पिकलेले. एकेक जन उठून बोलला. रॅम्प पायजे, खुर्च्या पायजेत, डॉक्टरचा दाखला लवकर पायजे. सगळं खरं व्हतं. मग सर उठले. आमच्या शाळंत सगळं कसं झकास हाय ते सांगितलं आन मागं हात केला, “ही आमची अल्फिया.”

मॅडम उठून तिच्यापाशी आल्या. खाली उकिडव्या बसल्या, तिच्या डोळ्यासमोर डोळे येतील आशा. हिंदीत म्हनाल्या, “बेटा, रोज़ स्कूल जाती हो?”

आमच्या घरात ह्यीच भाषा. पोरीला लगेच कळलं. तिनं माज्याकडं बघितलं. मग सगळं अंग ताठ करून, एकेक अक्षर ओढून काडून ती मराठीत बोलली, जसं शिकवलं तसं, “मी... रोज... शाळेत... येते.”

टाळ्या. मागची एक बाई डोळे पुसाय लागली. सर हासत हासत सगळ्यांकडं बघत व्हते.

आन अल्फिया माज्याकडं बघत व्हती. बरोबर बोलले ना मी, आसं. शाबासकी मागत व्हती पोरगी. खोटं बोलल्याची शाबासकी. माज्याकडं.

मी हुबी राहिले. म्हनलं, “खोटं हाय. मी शिकवलंय तिला ते.”

मॅडम बसल्या जागीच माज्याकडं वळल्या.

“ती रोज जात न्हाई. साहेब येनार आसंल तवाच जाती. तिचा वर्ग वर हाय. साहेब येनार म्हनलं की वर्ग खाली येतो. बाकं खाली येत्यात, फळा खाली येतो, वर्गाच्या बाई खाली येत्यात. साहेब गेला की सगळं वर जातं आन माजी पोरगी घरी. रॅम्प मागू नका म्हनत न्हाई मी. रॅम्प आमच्या शाळंत बी हाय. तो हेडसरांच्या खोलीत जातो.”

कुनीतरी मागं फिसकन हसलं. सर हुबे राहिले, “मॅडम, त्या भावनेच्या भरात बोलतायत. अडाणी आहेत जरा.”

“अडाणी हायच मी,” मी म्हनलं, “न्हाईतर पाचवी सुरू झाली तवाच इचारलं आसतं. साहेबासाठी वर्ग खाली येऊ शकतो, तर माज्या पोरीसाठी का येत न्हाई?”

मला बी ते तवाच कळलं. तोंडातनं बाहेर आल्यावर कळलं. इतके दिस मी पोरीला वर कसं न्यायचं ह्याचाच विचार करत व्हते. पोरीत खोट हाय, तिचे पाय चालत न्हाईत, मग कोन काय करनार? आन वर्ग तर माज्या डोळ्यासमोर खाली येत व्हता, वर जात व्हता. वर्गाला पाय व्हते की! ते हालवायचे कुनासाठी, एवढंच ठरायचं व्हतं.

मॅडमनी लिहून घेतलं. म्हनाल्या, हे धोरनात यायला पायजे, मी मांडते. मांडतील बी. मानूस खरा वाटला. पन दिल्लीहून कागद निघून कुंडलच्या जिन्यापातूर येईस्तोवर माज्या पोरीला मिशा फुटतील.

सर आमाला न घेता गेले. खुर्ची गाडीतनं काडून तेवढी पायरीपाशी ठेवली व्हती.

एसटीनं निघालो. कंडक्टरनं खुर्ची घडी करून मागं टाकली. मी अल्फियाला मांडीवर घेतलं. मला वाटलं व्हतं, पोरगी खूश आसंल. तर ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी इचारलं, “काय झालं गं?”

खिडकीकडंच बघत बोलली. “तू मला... सगळ्यांसमोर... खोटारडी केलीस.”

आगं बाई. खरंच की. खोटं मी शिकवलं, उघडं बी मीच पाडलं, आन दोन्ही बारीला लोकांच्या पुढ्यात बसलेली ती. तिला एकदा तरी इचारलं व्हतं का मी, सांगू का म्हून? सर तिला दाखवायला न्हेत व्हते. मी बी त्या दिवशी तिला दाखवूनच बोलले.

म्हनलं, “खोटारडी तू न्हाईस. मी हाय. माजं चुकलं, बाळा.” तिनं हात झटकला माजा. पलूस येईस्तोवर माज्याकडं बघितलं न्हाई. स्टँडावर गाडी थांबली, मानसं चढली-उतरली, तवा ती म्हनली, “मग आता... ते खरं कर.”

दुसऱ्या दिवशी न्हेली. गजरा न्हाई, पावडर न्हाई. कोन साहेब येनार नव्हता. जिन्याखाली खुर्ची लावली. सर आले, लालबुंद. “काल एवढी बदनामी केली, आता इथं काय?”

“पाचवीत बसायला आलीया.”

“वर उचलायला माणूस नाही.”

“उचलायची न्हाई तिला. ती पोतं न्हाई. वर्ग खाली आना.”

“एकीसाठी सगळ्या वर्गानं खाली यायचं?”

“व्हय.”

तवापासून रोज येतोय. वरनं बाईंचा आवाज येतो, तेवढा ऐकून अल्फिया वहीत लिहिती. मी पलूसच्या शिक्षण खात्यात जाऊन आले, सांगलीला जाऊन आले. बघतो म्हनत्यात. गावात बाया म्हनत्यात, पोरीचं भांडवल करती. मालक फोनवर म्हनाले, “कशाला वैर घेतीस?” मग म्हनाले, “जेवली का पोरगी?” माज्या मनाला अजून खातं. पाचवीचं निम्मं साल मी तिचं पायडलखाली घातलं, ते कुनी भरून देनार न्हाई, मी बी न्हाई. ते माज्यासंगंच राहनार. राहू दे.

आज सकाळी जिन्यापाशी आलो, तर अल्फिया म्हनली, “अम्मी, कडंला नको. मदी लाव.”

मी बघितलं तिच्याकडं. “पोरं शिव्या घालतील तुला.”

“घालू दे.”

खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आडवी लावली. चाकाचे ब्रेक तिनं स्वतः लावले, उजव्या हातानं. बराच वेळ लागला, मी मदत केली न्हाई. घंटा झाली. पाचवी, सहावी, सातवी, सगळी पोरं दप्तरं घेऊन खाली अडकली. ढकलाढकली, गोंगाट. सर तुरुतुरु धावत आले.

“अहो, बाजूला घ्या ती खुर्ची! मुलं वर कशी जाणार?”

मी काय बोलायच्या आत अल्फिया बोलाय लागली. मान ताठ केली, तोंड वाकडं झालं, लाळ आली. मी पुसायला पुढं झाले न्हाई.

“मी बी... तेच... इचारतेय, सर.”

सर माज्याकडं बघाय लागले. मी म्हनलं, तिच्याकडं बघून बोला. खुर्ची हालनार न्हाई.