न्यायमूर्ती तरे भाड्याने राहतात

सहदेव तरे सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त होऊन कोलशेतला परतले, तेव्हा गावाने मिरवणूक काढली. मिठागरात राबणाऱ्या बापाचा पोरगा ठाण्याच्या कोर्टात वकील झाला, पुढे हायकोर्टात न्यायाधीश, मग थेट दिल्ली. कौतुक व्हायचंच. साहेबांनीही ते गोड मानून घेतलं आणि ओटीवर पेपर वाचत बसले.

एका सकाळी स्वयंपाकाच्या रंगूबाईने त्यांच्यापुढे नोटीस ठेवली. दिवा स्टेशनजवळची, ती राहत होती ती इमारत अनधिकृत ठरली होती, आता पाडणार होते. आणि आधार कशाचा दिला होता? खुद्द तरेसाहेबांच्या एका निकालाचा!

साहेबांचं डोकंच फिरलं. बेकायदा इमारती पाडा, असं त्यांनी लिहिलं होतं खरं. पण त्याआधी रहिवाशांची सोय लावा आणि बिल्डरला, परवानगीवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांना धरा, हेही त्याच निकालात होतं. महापालिकेच्या कचेरीने सोयीचं तेवढं उचललं, बाकीचं गिळून टाकलं. बिल्डर बंगल्यात, सह्या करणारे बढतीवर आणि रस्त्यावर रंगूबाई. घरपट्टी घेताना मात्र हीच इमारत सगळ्यांना चालत होती.

"साहेब, तुम्हीच उभे राहा ना आमच्या बाजूने," रंगूबाई म्हणाली.

तेच तर जमत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या माणसाला पुढे जन्मभर देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही. साहेब दिवसभर स्वतःशीच चडफडत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की वकिली बंद असली तरी ज्याचं घर पडणार त्याला आपली बाजू मांडायला कोण अडवणार? त्यांनी रंगूबाईच्याच मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आणि बाडबिस्तरा घेऊन तिथे राहायला गेले. नळाला पाणी नाही, या वयात कसली ही शोभा, म्हणून मुलगी आसावरी फार चिडली.

"शोभा माझ्या निकालाची झालीये," ते म्हणाले.

रहिवाशांनी नोटिशीविरुद्ध कोर्टात दाद मागितली, त्यात साहेबांचंही नाव होतं. सुनावणीला शिपायाने नुसतंच "सहदेव तरे" असं पुकारलं. रहिवाशांमधून साहेब उठले. वर बसलेल्या तरुण न्यायाधीशबाई त्यांना ओळखून गडबडल्या, खुर्ची आणायला सांगू लागल्या.

"राहू द्या, मॅडम. मी इथला भाडेकरू आहे," साहेब म्हणाले. "माझी तक्रार कचेरीविरुद्ध आहेच. पण हा निकाल देऊन जो न्यायाधीश पुन्हा इकडे फिरकला नाही, त्याच्याविरुद्धही आहे. तेही लिहून घ्या."