दोनपासून मोजणारी मुलगी आणि पाटणकर बाई

माझी मुलगी दोनपासून मोजायची.

हे ऐकून वैताग न येता कुतूहल वाटलेली एकच व्यक्ती मला भेटली. पाटणकर बाई.

आज सकाळी बाई गेल्या.

काल दुपारी वर्ग सुटेपर्यंत शाळेत होत्या. अजून खरं वाटत नाहीये.

खांदा कॉलनीत ज्यांची मुलं बाईंच्या मोठ्या शिशूत होती, त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितेय.

माझी स्वरा मोठ्या शिशूत होती, त्या वर्षी चाचणी घ्यायला दुसऱ्या मॅडम आल्या होत्या. प्रोग्रेस रिपोर्ट हातात आला. वाचन छान. लेखन ठीक. गणितापुढे मात्र लाल पेनाने शेरा: मोजणीची सुरुवात समजलेली नाही.

म्हणजे काय, तर समोर मणी ठेवले की ही बया पहिला मणी गुपचूप बाजूला सरकवायची आणि सुरू करायची, "दोन, तीन, चार..."

शेवटचं उत्तर बरोबर!

वर्गात सगळी पोरं एका सुरात मोजतात. त्या गोंगाटात हिचा एक गायब आहे हे कुणाला ऐकू येणार?

हेडबाईंनी बोलावलं. "अजून एक वर्ष मोठ्या शिशूतच राहू दे. पाया पक्का होईल."

मी हबकलेच. घरी येऊन तिला समोर बसवलं. एक म्हण. नाही. चॉकलेट देते, एक म्हण. नाही. मग मी ओरडले. ती तोंड घट्ट मिटून बसली, डोळ्यांत पाणी.

नवरा तेव्हा जहाजावर. फोनवर म्हणतो कसा, "अगं, म्हणेल कधीतरी." मी फोन कट केला आणि बाईंना लावून सगळं सांगितलं.

"पहिला मणी ती कुठे ठेवते हो? डावीकडे की उजवीकडे?"

"बाई, माझी मुलगी मागे राहतेय आणि तुम्ही डावं-उजवं काय विचारताय!"

"अहो, मोजता येत नसतं तर उत्तर चुकलं असतं ना? काहीतरी मजेशीर आहे हे. मला बघायचंय."

बाई अशाच. कुणी तीन उलटा काढला तर खोडरबर हातात द्यायच्या नाहीत, शेजारी मांडी घालून बसायच्या. "कुठून सुरू केलास रे?" एका पोराला पुस्तकातला म ओळखता येईना, पण मेडिकलच्या पाटीवरचा म लगेच वाचायचा. तर बाई त्याला घेऊन चालत त्या दुकानापर्यंत गेल्या. पाटीत असं काय आहे ते बघायला!

मला त्यांनी विचारलं, "घरी ती कुणाबरोबर मोजते?"

कुणाबरोबरच नाही, म्हटलं. मग आठवलं, रविवारी ती गावी, नेऱ्याला असते, माझ्या सासऱ्यांकडे.

पुढच्या रविवारी बाई आमच्याबरोबर रिक्षात.

सासरे पडवीत बसून कुणालातरी घरचा तांदूळ मोजून देत होते. स्वरा गोणीचं तोंड धरून उभी. त्यांनी पायली भरून ओतली आणि म्हणाले, "लाभ."

मग, "दोन." मग, "तीन."

आणि माझी मुलगी त्यांच्या बरोबरीने, खणखणीत आवाजात. "लाभ! दोन! तीन!"

मी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तांदूळ पाच किलोच्या पिशवीत येतो, एवढंच मला माहीत. मी बघतच राहिले.

बाईंनी विचारलं, "आजोबा, एक का नाही म्हणत?"

"पयल्या मापाला आमी लाभ बोलतो, बाय. एक बोलला तं बरकत जाते."

बाई स्वराजवळ जाऊन खाली बसल्या. "म्हणून तू शाळेत एक म्हणत नाहीस होय?"

"मी एक बोलले तर आजोबांचा तांदूळ संपेल."

"मग लाभ म्हणायचं ना."

"म्हटलं होतं, तर व्हॅनमधली मुलं हसली."

मला तिथेच रडू फुटलं. एवढीशी पोर, माझा ओरडा खाऊनही एकटीनं आजोबांचा तांदूळ राखत होती. आणि आम्ही सगळे मिळून तिला कच्ची ठरवायला निघालो होतो.

सासऱ्यांनी पायली खाली ठेवली. मग त्यांनी तिला मांडीवर घेतलं. "शालंत एक बोल गो. मन्यांना नाय लागत लाभ. तांदूल कुटं जात नाय. मी हाय ना."

सोमवारी बाई हेडबाईंकडे गेल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. जूनमध्ये स्वरा पहिलीत बसली.

नंतर एकदा मी बाईंना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"कुठे कळलं होतं? म्हणून तर आले नेऱ्याला."

स्वरा आता चौथीत आहे. मगाशी तिला सांगितलं. तर म्हणाली, "मग मोठ्या शिशूला आता कोण?"



नवी पोरं येतील. त्यातलं कुणीतरी असंच काहीतरी अजब करेल, आणि का ते कुणाला सांगणार नाही. मी त्याला ओळखतही नाही, पण आज मला त्याची फार काळजी वाटतेय.

बाई, या आता. मनापासून नमस्कार.

स्वराची आई