त्या गाऱ्हाण्याला कुणी ‘होय’ म्हटलं नाही

अक्षर वाईट आहे, चुकाही असतील. देवा, सांभाळून घे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे तुझ्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही.

आमच्या ह्यांना फौजेत फेफरं येऊ लागलं आणि डॉक्टरांच्या बोर्डाने कागद हातात देऊन त्यांना घरी पाठवलं. वर्दीची ट्रंक माळ्यावर गेली, हे घराबाहेर पडेनात. धाकट्या जावेचा, सुमनचा, नवरा मात्र अजून फौजेत. तिच्याकडूनच तिकिटाचे पैसे उसने घेऊन मी ओमानात आले, सीबला एका मराठी घरी स्वयंपाकाला. ती दर शुक्रवारी फोनवर सांगायची, “वहिनी, आमच्या ह्यांना आणखी एक फीत मिळाली हो!” मी “बरं झालं” म्हणायची आणि तव्यावरची पोळी करपायची. तिने पैसे कधी मागितले नाहीत, त्याचाही मला राग यायचा.

एका शुक्रवारी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या देवापुढे गावच्यासारखं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, तिच्याही दारात तसलाच कागद येऊ दे रे म्हाराजा!” गाऱ्हाण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणणारं दुसरं माणूस लागतं. सवयीने मी थांबले. मागे दारात मॅडमचे मामा उभे होते. आठ दिवसांसाठी आलेले, मालवणकडचेच, कॉलेजात जुना इतिहास शिकवलेले.

“ह्याका मी होय म्हणूचंय नाय गो बाय,” ते म्हणाले.

लाजेने मला रडू आलं. रडत रडत सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, फार पूर्वी रोमच्या सैन्यातही आजारी शिपायाला असंच सोडत. त्याला नाव होतं, मिस्सिओ कॉझारिया. ते हाकलणं नव्हे, मान राखून घरी पाठवणं. वाणसामानाच्या चिठ्ठीमागे त्यांनी ते लिहून दिलं. मी फोटो ह्यांना धाडला. उत्तर आलं, “म्हणजे माझ्यासारखे तेव्हाही होते.” त्याच आठवड्यात ट्रंक खाली आली.

मामा निघायच्या दिवशी मी दुसरं गाऱ्हाणं घातलं. सुमनचा नवरा धडधाकट घरी येऊ दे, एवढंच. पुटपुटतच म्हटलं. मामांचा “होय म्हाराजा!” मात्र एवढा मोठा, की मॅडम धावत आल्या.

जळणं गेलं नाही. फीत म्हटली की अजून टोचतं. पण आता मागते आणि होय-नाही तुझ्यावर सोडते. त्या दिवशी मामांच्या तोंडून तूच नाही म्हणालास, ते उपकार मोठे.

काल उसन्यातले शेवटचे पैसे पाठवले. सुमन म्हणाली, “एवढी काय घाई होती, वहिनी?”

“होती गो,” मी म्हटलं. सगळे फिटले.