पुठ्ठ्यात बांधलेले घर

"आधी पुठ्ठ्यात बघू," असे म्हणून अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली, की आम्ही ओळखायचो: हे काम निदान यंदा तरी होत नाही.

बंगळूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांत निम्मे पुरुष अण्णाच असतात, त्यामुळे त्यांचे पूर्ण नाव सांगण्यात काही अर्थ नाही. आम्ही एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात शेजारी बसत असू. अण्णा बसवनगुडीत भाड्याने राहत, आणि जयनगरात त्यांना साइट, म्हणजे घर बांधायला मोकळी जागा, मिळाली होती. तेव्हाचे जयनगर म्हणजे तांबडी माती, खुंट्या आणि शेळ्या. सारा देशच तेव्हा योजना आखण्यात गुंतलेला असल्यामुळे अण्णा फारसे वेगळे दिसत नसत. ते घर बांधत होते, फक्त पुठ्ठ्याचे.

साड्यांची खोकी, मिठाईचे डबे, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, काहीही त्यांच्या हातून सुटत नसे. कुणाच्या लग्नाला गेले तरी त्यांची नजर वधूवरांपेक्षा आहेराच्या खोक्यांवर. दाढीच्या पात्याने ते खिडक्यांची जाळी अशी कोरत, की बघणाऱ्याने श्वास सोडायला भ्यावे. "जाड पुठ्ठा एका दमात कापायचा नाही," ते आम्हाला शिकवीत, "हलक्या हातानं पुन्हापुन्हा पातं फिरवायचं." पहिल्या घराचे स्वयंपाकघर झुरळांनी खाल्ले, तेव्हापासून खळीत मोरचूद पडू लागला.

पण झुरळांपेक्षा आम्ही वाईट. कुणी म्हणे व्हरांडा हवा, कुणी म्हणे देवघर पूर्वेला हवे. अण्णा प्रत्येकाचे ऐकत आणि नवे घर कापायला घेत.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. घरमालकीण अक्कांना गच्चीवर सांडगे घालू देत नसे. बिचारीला एवढेच हवे होते: स्वतःची गच्ची आणि तिच्यावर स्वतःचे सांडगे.

एके दिवशी साइट देणाऱ्या कचेरीचा माणूस येऊन बजावून गेला: दसऱ्याच्या आत पाया घाला, नाहीतर साइट परत जाईल.

"स्वल्प थांबा म्हणावं," अण्णा मान वर न करता म्हणाले, "जाळी चुकलीय."

त्या दिवशी अक्का माझ्यासमोर रडल्या. "भावजी, मी काय पुठ्ठ्याच्या अंगणात रांगोळी घालू?"

मग अण्णा श्राद्धासाठी भावाकडे तुमकूरला गेले, आणि अक्कांनी मेस्त्रीला बोलावून पुठ्ठ्याचे घर त्याच्या हातात ठेवले. "अगदी असंच बांधा. आणि यांना काही म्हणजे काही विचारायचं नाही. विचारलंत की हे नवीन करतील."

"सरी, अम्मा," मेस्त्री मान डोलावून म्हणाला.

अण्णा परतले तेव्हा पाया खणून झाला होता. रागावतील असे आम्हाला वाटले होते, पण ते रोज संध्याकाळी पुठ्ठ्याचे घर काखोटीला मारून साइटवर जाऊ लागले. खिडकीशी खिडकी ताडून बघत आणि आम्हाला सांगत, "तंतोतंत!"

गृहप्रवेशाच्या दुसऱ्या सकाळी अक्का सांडग्यांचे पातेले घेऊन निघाल्या, सगळे घर फिरल्या आणि म्हणाल्या, "वर जायचं कुठून?"

जिनाच नव्हता! पुठ्ठ्याच्या घराची गच्ची मिठाईच्या डब्याच्या झाकणासारखी उचलून हातात घेता यायची, त्यामुळे वर कसे जायचे हा प्रश्नच कधी आला नव्हता. इतकी वर्षे सल्ले देणारे आमचे अख्खे ड्रॉइंग ऑफिस. एकाच्याही लक्षात आले नाही. मेस्त्रीच्या आले होते. "विचारू नका म्हणालात ना, अम्मा," तो म्हणाला.

अण्णांचा हात कानामागे गेला. अक्कांनी नुसते बघितले. हात खाली आला, आणि दुपारी बांबूची शिडी आली.

पुढची कितीतरी वर्षे उन्हाळ्यातल्या सकाळी तुम्ही त्या रस्त्याने गेला असतात, तर तुम्हालाही ते दिसले असते: अक्का शिडीवर, आणि खाली अण्णा दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभे. मी हाक मारली तर ओ देत नसत. माशी नाकावर बसली तरी हात सुटत नसे. जन्मभर एक काम तडीस न नेणारा हा माणूस, अक्कांचे पाय जमिनीला लागेपर्यंत डोळ्याची पापणी हलवत नसे. मग वळून म्हणे, "हं, आता बोला." मला त्यांच्याइतका हेवा दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो, तर सांडगे अंगणात जुन्या लुगड्यावर वाळत होते. अक्का काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. शिडी भिंतीला टेकलेली होती.

"वर घाला की, अक्का," मी म्हणालो. "मी धरतो शिडी."

त्यांनी शिडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"नको, भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही धराल हो. पण मध्येच बोलाल."