रिकामी वाटी

आमच्या परसाला लागून आंब्याची बाग आहे. तिची राखण एक नेपाळी जोडपं करायचं. म्हणजे पगार नवरा घ्यायचा आणि राखण बायको करायची. प्यायला की तो तिला मारायचा. पोलिसांत चल म्हटलं तर ती नुसती मान हलवायची. तिचं नेपाळी नागरिकत्वाचं कार्ड त्याच्या खिशात, आणि त्याशिवाय इथं तुला कोण विचारतो, हे त्याचं पालुपद.

शेवटी मी आणि माझ्या जावेनं अक्कल लढवली. दुपारी मी मधल्या दगडी गडग्यावर वाटीभर कालवण ठेवायचं. संध्याकाळी तो बाटली घेऊन आलेला दिसला, की त्या बाईनं वाटी रिकामी परत ठेवायची आणि आम्ही धावायचं. आम्हाला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

एका संध्याकाळी वाटीतून मुळ्याचं लोणचं आलं. जावेनं बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी बागेतली ती बाई सुजलेला डोळा घेऊन गडग्याशी उभी!

"अगो, रिकामी ठेवायची ठरलं होतं ना?" मी तिच्यावरच खेकसले.

"शेजारणीची वाटी रिकामी कशी देऊ, काकी? तुम्हीच तर शिकवलं."

शिकवलं होतं खरं. आमच्याकडे काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण भांडं रिकामं धाडत नाहीत. ही आमच्याहून सवाई निघाली. मला हसू आलं, आणि तिच्या डोळ्याकडे बघून तिथंच जिरलं.

मग खूण बदलली: वाटी पालथी घालायची. थोड्याच दिवसांत ती पालथी दिसली. उचलली तर खाली कैरी!

"ही बया मरेल, पण रीत सोडायची नाही," जाऊ म्हणाली. बागेच्या मालकाला फोन लावून, हातातल्या झाऱ्यासकट ती गडगा चढली. मागोमाग मी.

"आमच्या घरातला मामला आहे," नवरा दारातच आडवा आला.

"गप रे मेल्या!" जावेनं झारा उगारला.

तेवढ्यात मालक पोचले. "मिटवून टाका वहिनी. ऐन हंगामात राखणदार कुठून आणू?"

त्यांच्यापुढे कधी मान वर न केलेली ती पुढं आली. "राखण मीच करते, शेठ. हा झोपतो." आणि नवऱ्यापुढं हात पसरला. "कार्ड."

नवऱ्यानं मालकाकडे बघितलं. मालकानं झाऱ्याकडे.

"देऊन टाक," ते म्हणाले, "आणि उद्यापासून तू इथं नको."

कार्ड पोलक्यात खोचून ती आमच्या ओटीवर येऊन बसली. "काकी, भूक लागली."

मी भात वाढायला आत गेले आणि गॅसपाशी उभी राहून रडले.