हुफूफमधलं इंग्लंडचं कोठार

"मेस्त्री, लाकडांवरच्या चिठ्ठ्या कुठायत?"

परांजपे साहेब आमचे इंजिनियर. त्यांनी विचारलं तेव्हा मी हात पुसत होतो. म्हटलं, "काढल्या. लाकडं धुऊन तेल लावलं. उद्या कफील बघायला येणार ना."

साहेब वाळूतच बसले.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, तिथं राहायचा परवाना, तो मालक. त्यानं इंग्लंडमधल्या शेतावरचं एक जुनं लाकडी कोठार विकत घेतलं, सुटं करून कंटेनरमधून सौदीत हुफूफला आणलं. आपल्या खजुराच्या बागेत उभं करून पाहुण्यांना तिथं कॉफी पाजायची, ही हौस. उभं करणार मी, रत्नागिरीकडचा सुतार, चौथी नापास, आणि माझी पाच माणसं.

कुठलं लाकूड कुठे बसतं, ते त्या चिठ्ठ्यांवरच्या इंग्रजी नंबरांवर होतं. मला वाटलं, बंदरावर कस्टमवाले चिकटवतात तसल्या. आमच्याकडे लाकूड चढवण्याआधी तेल पाजतात. तेच केलं. सव्वाशे लाकडं, सगळी सारखी काळी.

"एक्झिट मारेल तो, मेस्त्री. तुम्हाला आणि मला."

"चूक माझी. तुम्हाला कशाला?"

"माल ताब्यात घेतल्याची सही माझी आहे."

एक्झिट म्हणजे कायमचं घरी. गावात माझ्या स्वतःच्या घरावर अजून छप्पर नव्हतं. आमची ही भावाच्या पडवीत राहत होती.

मी एका तुळईपाशी बसलो. टोकाला अंगठा अडकला. पटाशीनं मारलेल्या तीन रेघा. दुसरी लाकडं उलटीपालटी केली. एका खांबाच्या खाचेशी तशाच तीन.

माझा बाप असंच करायचा. घर आधी जमिनीवर जुळवायचं. सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारख्या रेघा मारायच्या. मग सोडवून वर चढवायचं. त्यालाही अक्षर येत नव्हतं.

"ओरखडे असतील हो," साहेब म्हणाले.

"ओरखडे दोन्हीकडे मोजून तीन-तीन पडत नाहीत, साहेब."

सकाळी कफील आला. मी हिंदीत खरं काय ते सांगून टाकलं. त्यानं ऐकलं. "कितने दिन?"

"पंद्रह."

"ठीक. सोलहवें दिन कोठार नहीं, तो टिकट. खलास."

नवव्या दिवशी एक सांधा बसेना. साहेब म्हणाले, "थोडा रंधा मारा." मी म्हटलं, "मारणार नाही. ज्यानं हे घडवलं त्या सुताराचं माप चुकलेलं नाही, आपलं चुकलंय." पुन्हा पाहिलं. उजव्या अंगाच्या रेघांना बारीक शेपूट होतं, डाव्या अंगाच्यांना नव्हतं. आम्ही डावं उजवीकडे लावत होतो. बदललं, बसलं. मग खुंटी ठोकली. दोन लाकडांची भोकं मुद्दाम जराशी पुढंमागं पाडलेली असतात, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळून घेते. अख्ख्या सांगाड्यात खिळा नाही.

चौदाव्या दिवशी उभं राहिलं. समोरासमोर दोन मोठे दरवाजे, भरली गाडी एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. मधे मळणीची जागा. छपराखालचं खळंच ते. कफील आत येऊन मान वर करून एकेक सांधा पाहत फिरला. मग "यल्ला", म्हणजे चला, म्हणत पहिली कॉफी आम्हाला दिली, स्वतःच्या हातानं.

शुक्रवारी हिला फोनवर सगळं सांगितलं. ही म्हणाली, "वाचता येत नव्हतं तर विचारायचं होतं कुणाला." मग म्हणाली, "आणि तुमची खूण कुठाय त्यात?"

"मी कुठं केलंय ते?"

"उभं तर तुम्ही केलंत?"

शनिवारी शिडी लावून मधल्या तुळईवर, वरच्या अंगाला, दोन रेघा मारल्या. एक माझी, एक तिची. साहेबांनाही बोललो नाही. ठाऊक फक्त हिला होतं, आणि ती गेल्या वर्षी गेली. आता तुम्हाला सांगितलं.

आमच्या घरावर छप्पर चढलं, तिनं त्याखाली बारा वर्षं काढली. धंद्यातल्या माणसानं एवढं ध्यानात ठेवावं: चिठ्ठी काढण्याआधी ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी.