भावाची पेटी

नव्वद सालच्या सुमाराला मी आखातात नोकरीला होतो. एकदा इचोड्याला घरी येताना मुंबईच्या विमानतळावर रात्र काढावी लागली. नागपूरच्या विमानाचं सामान सकाळीच घेणार होते, म्हणून ज्याचं त्यानंच सांभाळायचं होतं.

शेजारी एक माणूस दोन पेट्या घेऊन बसला होता. एकीवर त्यानं पाय टाकले होते. दुसरी, दोरीनं बांधलेली, मांडीवर धरली होती. बोलण्यावरून आमच्याच भागातला, बाजारहत्नूरकडचा वाटला.

"तुम्ही जरा पडा. सामान मी पाहतो," मी म्हणालो.

"नाई जी. हे भावाची हाय."

त्याचा भाऊ तिकडं बांधकामावरून पडून वारला होता. प्रेत अजून दवाखान्यातच अडकलं होतं. मालकानं याच्या हाती पेटी देऊन याला विमानात बसवलं होतं. पेटीच्या मुठीला बांधलेली विमानाची चिठ्ठी तो बोटानं सारखी सरळ करत होता.

"पेटीले यायले एवढी चिठ्ठी पुरली. माणसाचे कागदच सरून नाई राह्यले," तो म्हणाला.

सकाळी एका तिकिटावर दोघा भावांचं सामान जड भरलं. काउंटरवरच्यानं दोरी सोडून वजन कमी करायला सांगितलं. यानं स्वतःची पेटी उघडली आणि पोरींसाठी घेतलेली ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर, सगळं बाकावर काढून ठेवलं. भावाच्या पेटीला हात लावू दिला नाही.

"घरी कळवलं?" मी विचारलं.

"येऊन राह्यलो, इतकंच कळवलं. मायनं दोघायचा सैपाक केला असन."